खेळाडूचा कोच होताना काय काय बदलतं

नांदेड, परभणी, बीड, लातूर, कुठल्याही शहरात संध्याकाळी सातनंतर बघा, चार पोरं एका खोलीत हेडफोन लावून स्क्रिम्स (संघासंघांतले सराव-सामने) खेळताना सापडतील. चांगल्या निशाण्याची पोरं मराठवाड्यात भरपूर आहेत. त्यांच्या मागं वही घेऊन बसणारा माणूस मात्र क्वचित दिसतो. बीजीएमआय, म्हणजे पबजीचं भारतातलं मोबाइल रूप, जुलै २०२१ मध्ये आलं, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेलं, मे २०२३ मध्ये परत आलं. या सगळ्या काळात टिकून खेळलेली पिढी आता तेविशी-पंचविशीत आहे. त्यातले अनेक जण कोच व्हायचं ठरवतात आणि पहिला महिनाभर संघाच्या मागं उभं राहून ‘पीक घे, पीक घे’ (आडोशातून डोकावून बघ) असं ओरडत राहतात. त्यांचा खेळ अजून सुटलेला नसतो, फक्त फोन दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

सामना कोचच्या हातात नसतो, ही पहिली गोष्ट अंगी मुरवावी लागते. संगणकावरच्या काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात ऑगस्ट २०१६ मध्ये तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं नियमच केला की कोचनं वॉर्मअपमध्ये, हाफटाइमला आणि ३० सेकंदांच्या चार टाइमआउटमध्येच बोलायचं. तोवर कित्येक संघांत कोचच मागून सगळे कॉल देत होता आणि पाच जणांचा संघ सहा जणांचा झाला होता. लीग ऑफ लेजंड्स या खेळातही वर्षानुवर्षं ड्राफ्ट (सामन्याआधीची पात्रांची निवड) संपला की कोच स्टेजवरून खाली, अशीच पद्धत राहिली. म्हणून कुठल्याही स्पर्धेचं नियमपुस्तक हातात आलं की कोचला कधी बोलता येतं, कुठं बसता येतं आणि स्क्रीन बघता येते का, ही कलमं आधी वाचा. हे हलक्यात घेऊ नका. सप्टेंबर २०२० मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या ३७ कोचांवर एकाच वेळी बंदी आली होती, कारण प्रेक्षक-कॅमेऱ्यातल्या एका बगमुळं त्यांना नकाशाचा जो भाग दिसायला नको तो दिसत होता आणि त्यांनी ते लपवलं.

नावाजलेला खेळाडूच चांगला कोच होतो, असंही नाही. डेन्मार्कचा डॅनी ‘झोनिक’ सोरेन्सन काउंटर-स्ट्राइक १.६ चा मोठा खेळाडू होता, आणि कोच म्हणून त्यानं अ‍ॅस्ट्रालिसबरोबर चार मेजर (या खेळाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकली, २०२३ मध्ये व्हायटॅलिटीबरोबर पाचवी. याउलट दक्षिण कोरियाच्या किम जाँग-ग्युन ऊर्फ ‘कोमा’ची खेळाडू म्हणून कारकीर्द छोटीच. पण कोच म्हणून लीग ऑफ लेजंड्सची जागतिक स्पर्धा त्यानं २०१३, २०१५, २०१६, २०२४ आणि २०२५ अशी पाचदा जिंकून दिली. खेळताना जी गोष्ट आपोआप होते, तिचं कारण शब्दांत सांगता येणं हे वेगळं कौशल्य आहे. ते वेगळं शिकावं लागतं, आणि ते खेळत असतानाच शिकायला घेतलं तर सोपं जातं.

चुकीचे चार प्रकार

लातूर पॅटर्नमध्ये शिकलेल्या कुणालाही ही पद्धत लगेच कळेल. पेपर सोडवला, गुण आले, एवढ्यावर तिथं काम संपत नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न काढून संकल्पना कळली नव्हती की आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नाही, हे शोधलं जातं. सामन्याचंही तसंच करायचं. संघातला एक माणूस पडला की त्याचं कारण चारपैकी एका खणात टाका. एक, माहितीच नव्हती. दोन, एकाला माहिती होती पण त्यानं सांगितली नाही. तीन, सांगितली पण बाकीच्यांनी ऐकली नाही किंवा त्यांना ती कळली नाही. चार, माहिती होती, निर्णय बरोबर होता, हात चुकला.

नवा कोच जवळजवळ सगळ्या चुका चौथ्या खणात टाकतो, कारण खेळाडू असताना त्याला स्वतःचा हातच दिसायचा. मग तो पोरांना तासभर टीडीएम (नुसत्या गोळीबाराचे छोटे सामने) खेळायला लावतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका परत होतात. दहा सामन्यांच्या चुका प्रामाणिकपणे खणांत टाकल्या तर दुसरा आणि तिसरा खण किती भरतो, ते बघून डोळे उघडतात. निशाणा सुधारून ते दोन खण रिकामे होत नाहीत.

नोंद करताना ‘काय झालं’ लिहू नका, ते व्हिडिओत दिसतंच. त्या क्षणी संघाला काय माहीत होतं ते लिहा. उदाहरणार्थ (झोन म्हणजे सामना पुढं जाईल तसं लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ, रोझॉक आणि पोचिंकी या एरँगल नकाशावरच्या जागा, आयजीएल म्हणजे सामन्यात निर्णय देणारा खेळाडू): ‘तिसरा झोन, आम्ही रोझॉकच्या टेकडीवर, पूर्वेकडचा संघ पोचिंकीत गाडीनं गेलेला दिसला, दक्षिणेची काहीच माहिती नाही, आयजीएलनं दक्षिणेकडून जायचं ठरवलं.’ संघ पुढं मेला की जिंकला याच्याशी नोंदीचा संबंध नको. माहिती नसलेल्या बाजूनं जाऊन एखाद्या दिवशी जीव वाचतोही, म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही. निकालावरून निर्णय तोलायची सवय मोडणं, हे या बदलातलं सगळ्यात अवघड काम आहे.

तीस मिनिटांच्या एका सामन्याच्या परीक्षणाला नीट बसलं तर दीड तास लागतो. पोरांपुढं मांडायचे मुद्दे मात्र सामन्यामागे तीनच ठेवा. दहा मुद्दे सांगितले तर लक्षात एकही राहत नाही.

रेकॉर्डिंगचं गणित आधी करून ठेवा. १०८० पिक्सेल, ८ मेगाबिट दराचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, एका सामन्याला साधारण १.८ जीबी. दिवसाला सहा सामने आणि चार फोन धरले तर ४३ जीबी. रोज दीड-दोन जीबी डेटाच्या रिचार्जवर हे एकमेकांना पाठवता येणार नाही, आणि एवढं रेकॉर्डिंग करताना फोन तापून फ्रेमही पडतात. त्यामुळं ७२० पिक्सेल, ३० फ्रेम आणि ३ मेगाबिट पुरे, म्हणजे सामन्याला पावणेसातशे एमबी. रेकॉर्डिंग फक्त आयजीएलच्या फोनवर रोज ठेवा, बाकी तिघांचं आळीपाळीनं. आवाज मात्र चौघांचा, रोजचा हवा. तो कोचनं डिस्कॉर्ड या बोलायच्या अॅपवर आपल्या बाजूनं रेकॉर्ड करावा. एकाच गोष्टीला जागा असेल तर चित्र सोडा आणि आवाज ठेवा. दुसरा आणि तिसरा खण आवाजातूनच भरतो.

गुणांचा हिशेब पोरांना तोंडपाठ हवा

एका सामन्यात सोळा संघ, चौसष्ट खेळाडू. पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १, नवव्यापासून शून्य, आणि प्रत्येक फिनिशला (समोरच्या एका खेळाडूला संपवण्याला) १ गुण, ही आता रुळलेली पद्धत. एका संघानं सहापैकी एक सामना नऊ फिनिशसह जिंकला आणि बाकी पाच सामन्यांत दोन-दोन फिनिश घेऊन बाराव्या-चौदाव्या क्रमांकावर गेला, तर त्याचे १९ अधिक १०, म्हणजे २९ गुण. दुसरा संघ एकही सामना जिंकला नाही, पण प्रत्येक वेळी पाचवा आला आणि चार-चार फिनिश घेतले, तर सहा वेळा सात, म्हणजे ४२. रीलवर पहिला संघ दिसेल, पुढच्या फेरीत दुसरा जाईल. पण फिनिश न घेता फक्त लपून पाचवं येणाऱ्या संघाचे सहा सामन्यांत १८ गुणच होतात. तेव्हा ‘झोनमध्ये बसा’ हा सल्लाही अर्धवटच. चौथ्या झोनपर्यंत चौघं जिवंत आणि मग दोन संघांच्या भांडणात तिसरे म्हणून शिरायचं, असं नेमकं ठरवून द्यावं लागतं.

ड्रॉपचंही, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला नकाशावर कुठं उतरायचं याचंही, असंच. एरँगलमध्ये एकाच ठिकाणी दोन संघ उतरणार असतील तर पोरं ‘आपण मारू त्यांना’ म्हणतात. कोचनं आकडा बघायचा. त्या जागेवर मागच्या दहा सामन्यांत किती वेळा चौघं जिवंत बाहेर पडले? पाचपेक्षा कमी वेळा असेल तर जागा सोडा, मग ती कितीही आवडती असो. दक्षिणेच्या मिलिटरी बेसवर उतरणाऱ्या संघाची तयारी वेगळी लागते. झोन मुख्य भूमीवर पडला तर बाहेर पडायला दोन पूल किंवा बोट. पुलावर कोण कधी येऊन बसतं, हे लॉबीतल्या, म्हणजे त्याच सामन्यातल्या, संघांच्या सवयींवरून लिहून ठेवता येतं. स्मोकचा (आडोशासाठी धूर करणाऱ्या ग्रेनेडचा) हिशेबही आधीच करा. माणशी तीनच्या खाली स्मोक असतील तर उघड्या शेतातून जायचा बेतच करू नका.

स्क्रिम्स जिंकण्यासाठी खेळायच्या नसतात, हे खेळाडूच्या मनाला फार टोचतं. पण रोज एकच गोष्ट तपासायची. ‘आज सर्कल कुठंही पडो, दुसऱ्या झोनपर्यंत मधलं घर पकडायचं’ एवढंच ठरलं, तर त्या दिवशी चौदावा क्रमांक आला तरी चालतो. दिवसाअखेर सहापैकी किती वेळा घर मिळालं, हा आकडा वहीत.

बोलणं

‘अरे दादा तिकडं बघ ना, झाडाजवळ हाय कुणीतरी’ हा कॉल सरळ वाया जातो. दिशा आधी, मग खूण, मग संख्या, मग अवस्था: ‘दोनशे चाळीस, दगड, दोन, एक नॉक.’ (नॉक म्हणजे खाली पडलेला, पण अजून न संपलेला.) दिशा आधी सांगायचं कारण म्हणजे ऐकणारा ती ऐकताच मान वळवायला लागतो आणि बाकीचं वळता वळता ऐकतो. होकायंत्रावर आकडे पंधरा-पंधरा अंशांनी असतात. ते मराठीत म्हणायचे की इंग्रजीत, हे संघानं एकदाच ठरवून टाकावं. घाईत ‘एकशे पाच’ आणि ‘एकशे पस्तीस’ सारखेच ऐकू येतात, म्हणून बरेच संघ ‘वन-झिरो-फाइव्ह’, ‘वन-थ्री-फाइव्ह’ असं सुटं म्हणतात, आणि ते बरोबर आहे. अर्धे आकडे मराठीत, अर्धे इंग्रजीत, हे सगळ्यात वाईट.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे, ती कुठल्या परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. संघातला मोठा पोरगा ‘दादा’ असतो आणि दादाला सोळा-सतरा वर्षांचं पोरगं ‘तू चुकलास’ म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एकत्र खेळलेला माणूस कोच झाला की तोही ‘दादा’च. मग बैठकीत सगळे माना डोलावतात. त्यावर उपाय साधा आहे. आधी प्रत्येकानं कागदावर दोन ओळी लिहायच्या आणि मग बोलायचं. बोलायला सुरुवात सगळ्यात लहानानं करायची, कोचनं शेवटी. सामन्याच्या कॉलमध्ये दादा, भाऊ काही नाही, फक्त आयडीचं नाव किंवा एक ते चार आकडे. खोलीबाहेर दादा म्हणा की.

दोन सामन्यांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत परीक्षण करू नका. एक वाक्य पुरे, तेही पुढच्या सामन्याबद्दल. हरलेल्या संघाला लगेच चुका सांगितल्या तर तो त्या ऐकत नाही, आपली बाजू तयार करत असतो.

सेन्सिटिव्हिटीबद्दलही (बोट किंवा फोन किती हलवला की निशाणा किती वळतो, त्या सेटिंगबद्दल) एक सांगायचं आहे, कारण यात फार नुकसान होतं. नवा कोच आपलं जायरो (फोन हलवून निशाणा धरायची सेटिंग) आणि बटणांची मांडणी सगळ्यांना देतो. फोन वेगळा, त्यातला सेन्सर वेगळा, हाताचा आकार वेगळा, कुणी तीन बोटं वापरतं तर कुणी चार. एका वेळी एकच आकडा बदला, निदान आठवडाभर ठेवा, आणि आधीचा आकडा लिहून ठेवा म्हणजे परत फिरता येईल. स्पर्धेच्या आधीच्या पंधरा दिवसांत काहीही बदलायचं नाही.

वीज, ऊन आणि पिंग

मोठ्या संघांकडं वीज आणि इंटरनेट बघायला वेगळी माणसं असतात. आपल्याकडं कोचच वायरमन.

पिंग म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. ‘मराठवाड्यातून चांगलं पिंग येत नाही’ ही तक्रार बरेचदा चुकीच्या जागी केली जाते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नांदेडहून मुंबई सहाशे किलोमीटर धरली तर जाऊन येऊन ६ मिलिसेकंद, वळसे धरून १२. मग ९० चं पिंग कुठून येतं? फोनवरून आधी स्वतःच्या राउटरलाच दोन मिनिटं पिंग करून बघा. तिथंच आकडा उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे: २.४ गीगाहर्ट्झ सोडून ५ वर जा, राउटर त्याच खोलीत आणा. राउटर २-३ वर स्थिर आहे आणि बाहेरचं पिंग उडतंय, तर आधी घरात कुणाच्या फोनचे फोटो बॅकअप होताहेत का ते बघा, कारण अपलोड भरलं की पिंग चढतंच. तेही नसेल तरच कंपनीला फोन करा.

इन्व्हर्टरच्या मागं बहुधा यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असा खटका असतो. नॉर्मलवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला थोडा जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही, पण राउटर बंद होऊन परत सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात संघ संपतो. खटका यूपीएसवर ठेवा. मात्र शेतीपंप सुरू झाले की गावाकडं व्होल्टेज पडतं, आणि यूपीएसवर असलेला इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, सारखा बॅटरीवर जातो आणि रात्रीपर्यंत बॅटरी उतरते. अशा ठिकाणी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा लावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपियरचा आकडा जुळवून घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींची सोय हवी, हे हमखास विसरलं जातं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं गेला की फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि ९० फ्रेम ५० वर येतात. कव्हर काढा, पंखा थेट मागच्या बाजूवर ठेवा, चार्जिंग आधीच पूर्ण करा आणि सामना चालू असताना चार्जर काढून ठेवा. फोन फ्रिजमध्ये ठेवायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, आत ओल धरते. आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या स्क्रिम्सवरून पोराची क्षमता ठरवू नका.

घर, कायदा, कागद

गेम २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली गेली. तीस मिनिटांचे सहा सामने म्हणजे लहानांचे तीन तास संपलेच. सराव-मैदानाला वेळच उरत नाही. त्यामुळं लहान खेळाडूचं वेळापत्रक परीक्षणावर जास्त आणि खेळण्यावर कमी असं बेतावं लागतं. खोटं वय दाखवून ही मर्यादा चुकवणारा कोच पोराचं खातं आणि कारकीर्द दोन्ही धोक्यात घालतो.

घरच्यांशी बोलायला जाताना बक्षिसांचे आकडे घेऊन जाऊ नका. काका-काकूंना विचारायचं असतं ते वेगळंच: रात्री किती वाजता झोपणार, दहावी-बारावीच्या परीक्षेत काय, पैसे कोण घालणार. वेळापत्रक कागदावर द्या, परीक्षेआधीचे दोन महिने त्यात रिकामे ठेवा आणि ते पाळा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला (स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना) बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ते क्रीडा मंत्रालयाकडं सोपवलं. हे सांगितल्यावर घरातलं वातावरण थोडं निवळतं, हेही खरं.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ईस्पोर्ट्स आणि पैशांचे खेळ वेगळे काढले. गावोगावच्या ग्रुपवर ‘पन्नास रुपये एंट्री, जिंकला तर पाचशे’ अशा ज्या रूम लागतात, तिथं पैसे लावून जिंकणं हाच हेतू असतो. असे खेळ चालवणाऱ्याला या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. संघाला अशा रूमपासून पूर्ण लांब ठेवा, सरावासाठीसुद्धा नको.

कोच म्हणून काम मागायला जाताना जुने फिनिशचे व्हिडिओ फारसे कामाला येत नाहीत. ज्या संघात जायचंय त्याच संघाच्या तीन जाहीर सामन्यांचं परीक्षण लिहून न्या, दोन-दोन पानांचं: ड्रॉपचा नकाशा, झोनप्रमाणे निर्णय, चार खणांतल्या चुका. एकदम मुख्य कोच होण्यापेक्षा आधी सहा महिने विश्लेषक म्हणून काम करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण तिथं फक्त बघायचं आणि लिहायचं असतं, ओरडायची सोयच नसते. खेळता खेळता कोच राहायचा मार्ग मात्र टाळा. स्वतःच्या चुका त्याच खणांत टाकताना हात आखडतो आणि पोरांना ते दिसतं.

करार मित्राशी असला तरी लेखी हवा. महिन्याचं मानधन किती आणि कुठल्या तारखेला, बक्षिसात कोचचा हिस्सा किती टक्के आणि तो टीडीएस कापायच्या आधी की नंतर, प्रवासखर्च कुणाचा, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं. आणखी एक कलम बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे नोंदींची मालकी. संघ सोडताना ड्रॉपचे नकाशे, प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी आणि आवाजाची रेकॉर्डिंग संघाकडं राहतात, कोच आपली कोरी कोष्टकं आणि परीक्षणाची पद्धत घेऊन जातो, असं सरळ लिहून घ्या. अठरा वर्षांखालचा खेळाडू असेल तर त्याच्या आवाजाची आणि स्क्रीनची रेकॉर्डिंग कुठं ठेवली आहेत आणि कधी पुसणार, हेही त्याच कागदावर, आणि खाली पालकांची सही.